मेरी पिकफर्ड आणि तिचे कुरळे केस

चित्रपटांतील नटीची हकीकत शाळेच्या अंकांत कशाला, असें कांहीं पालक विचारतील. आमच्या मतें ही हकीकत मुलांपेक्षां त्यांनींच अधिक लक्षपूर्वक वाचावी.

मेरीचें मूळ नांव ग्लॅडिस लुईस स्मिथ. कॅनडांतील टोरोंटो शहरीं ८ एप्रिल १८९२ रोजीं तिचा जन्म झाला. १८९८ सालीं वडील वारले व तीन लेंकरांचा भार आईच्या शिरावर आला. आईनें शिवणकाम केलें, घरांत भाडेकरू ठेवले. त्यांतील एक गृहस्थ नाटकमंडळींतील होता. त्याच्या सूचनेवरून १९०० सालीं ही मुलगी रंगभूमीवर उभी राहिली. पुढें आगगाडीनें गांवोगांव भटकंती, आज एक मंडळी तर उद्यां दुसरी. शाळेचा योग फारच थोडा आला. आईस दोष देणें आमच्या जिवावर येतें. विधवेच्या घरीं चूल पेटावयास दुसरा मार्ग तरी कोणता होता? तरीपण ज्या वयांत मुलींनीं भातुकली मांडावी त्या वयांत ही घरची मिळवती झाली, एवढें खरें.

१९०७ सालीं न्यू यॉर्क येथें डेव्हिड बेलास्को यांनीं तिला नाटकांत घेतलें व मेरी पिकफर्ड हें नांव दिलें. १९०९ सालीं ती ग्रिफिथ यांच्याकडे मूकपटांत गेली. त्यांनीं रोजीं पांच डॉलर देऊं केले. सतरा वर्षांच्या या मुलीनें दहा मागितले आणि मिळविले! १९१६ सालीं तिला आठवड्यास १०,००० डॉलर मिळूं लागले. १९१९ सालीं चॅप्लिन, फेअरबँक्स व ग्रिफिथ यांच्यासह तिनें युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था काढली. शाळेच्या बांकावर फारशी न बसलेली ही स्त्री हिशेबांत भल्याभल्यांस हार जात नसे.

परंतु लोकांस तिची ही बुद्धि नको होती. त्यांस हवे होते तिचे कुरळे केस. ‘द पुअर लिटल रिच गर्ल’ या १९१७ च्या चित्रपटांत चोवीस वर्षांची मेरी लहान दिसावी म्हणून टेबलें, खुर्च्या, दरवाजे मुद्दाम मोठे बनविले होते. ‘पॉलिआना’ (१९२०) मध्येंही ती बालिकाच. १९२३ व १९२४ सालीं तिनें प्रौढ भूमिका करून पाहिल्या. लोकांचें समाधान झालें नाहीं. १९२५ सालीं तिनें फोटोप्ले मासिकांतून वाचकांस विचारलें, आपण कोणत्या भूमिका कराव्या? उत्तरें आलीं तीं सिंड्रेला, हायडी, अ‍ॅलिस अशीं! ती तेव्हां तेहतीस वर्षांच्या घरांत होती. त्याच वर्षीं ती ‘लिटल अ‍ॅनी रूनी’ मध्यें पुन्हां लहान पोर झाली.

नाटकसिनेमाचा धंदा मुलांस बिघडवितो, असें आपण सहज म्हणतों. आमचा आरोप तिकीट काढून बसणाऱ्या सभ्य गृहस्थांवर आहे. जिला खरें बालपण लाभलें नाहीं, तिच्याकडून त्यांनीं वर्षानुवर्षें खोटें बालपण वसूल केलें. आणि हें सर्व प्रेमानें! आपल्या गोड मुलानें गोडच राहावें, पाहुण्यांपुढें तीच कविता पुन्हां म्हणून दाखवावी, असा हट्ट घरोघरीं चालतो. त्याचीच ही मोठी आवृत्ति नव्हे काय?

१९२८ सालीं आई वारली. त्यानंतर मेरीनें आपले केस कापून टाकले, आणि जणुं सार्वजनिक आपत्ति ओढवली अशा थाटांत वर्तमानपत्रांनीं ती बातमी छापली. १९२९ च्या ‘कोकेट’ या बोलपटांतील प्रौढ भूमिकेबद्दल तिला अकॅडमीचें पारितोषिक मिळालें. मात्र पुढील बोलपटांस पूर्वीची गर्दी लोटली नाहीं. १९३३ सालच्या ‘सीक्रेट्स’ नंतर तिनें पडद्यावर भूमिका केली नाहीं. त्या वेळीं तिला एकेचाळिसावें वर्ष चालू होतें. पुढें ती १९७९ पर्यंत जगली.