दोषाचा धनी कोण?

परवां वर्ध्यांतील एका कार्यालयाच्या खिडकीपाशीं एक वृद्ध कास्तकार उभा होता. हातांतील मोबाईलवर अर्ज भरतां भरतां तें ॲप मध्येंच बंद पडलें आणि अर्ध्या तासाचे श्रम पुसले गेले. खिडकीमागील गृहस्थ म्हणाले, "बाबाजी, तुम्हीच कांहीं तरी भलतें दाबलें असेल." म्हातारा ओशाळला. माझ्या सोबतच्या एका सुविद्य स्नेह्यांनींहि निवाडा दिला, "यंत्र निर्दोष असतें हो; आपल्या लोकांनाच तें वापरतां येत नाहीं!" हें मत सुशिक्षित घरांत इतकें रूढ झालें आहे, कीं त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. मीं जन्मसाल चुकीचें लिहिलें तर दोष माझा. परंतु त्या चुकीनें सारें सॉफ्टवेअरच कोलमडलें तर दोष तें रचणाराचा. मनुष्य घाईंत दोनदां बटण दाबतो, एखादा रकाना रिकामा सोडतो, ही कांहीं अघटित घटना नव्हे. चुकीची नोंद नाकारावी, कोठें चुकलें तें सांगावें आणि भरलेला मजकूर जपून ठेवावा, हेंच तर प्रोग्रामरचें काम!

शिवाय कित्येकदां वापरणाराचें बोटहि हललेलें नसतें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सुधारणेमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं. कारण काय? आज्ञावलींत २१ रकाने अपेक्षिले होते, पुरविले मात्र २०! यांत प्रवाशांनीं कोणतें बटण चुकविलें होतें?

दोष खालच्याच्या माथीं मारण्याची संवय किती घातक, हें ब्रिटनमध्यें दिसलें. तेथील टपालखात्याचें 'होरायझन' हें सॉफ्टवेअर हिशेबांत खोटी तूट दाखवी. यंत्र चुकणें शक्य नाहीं, असें गृहीत धरून १९९९ ते २०१५ या काळांत ९०० हून अधिक टपालचालकांना चोर वा लबाड ठरविण्यांत आलें. कित्येक तुरुंगांत गेले. अखेर २०२४ सालीं कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. गेलेली अब्रू मात्र कोणता कायदा परत देणार?

प्रोग्रामर म्हणतील, "मुदत अपुरी, वरिष्ठांची घाई; आम्ही तरी काय करावें?" तक्रार खरी आहे. पण तिनें दोष वर सरकतो, खालीं उतरत नाहीं.

वर्धेकरांना तर याचा विसर पडतांच कामा नये. आमच्या मगन संग्रहालयांत चरखे पाहतांना मला एक जुनी जाहिरात आठवते. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें बक्षीस लावलें होतें. अटी अशा: चरखा खेड्यांतील झोपडींत चालावा, एका स्त्रीला फारसे श्रम न होतां तो आठ तास चालवितां यावा, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, आणि वेळच्या वेळीं निगा राखल्यास तो निदान २० वर्षें न अडतां चालावा. तें बक्षीस कोणासहि मिळालें नाहीं. परंतु कसोटी होती ती यंत्राची, कातणारणीची नव्हे!

आज हीच कसोटी कोठें गेली? १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच मोबाईलवरून करावी, अशी योजना आहे. अशी नोंद हुकली तर नुकसानीच्या मदतीवर पाणी सोडण्याची पाळी येते. ज्याचें पोट त्या पडद्यावर अवलंबून, त्याच्या हातानें पारखल्यावांचून कोणतेंहि सॉफ्टवेअर सरकारनें स्वीकारूं नये. आणि तें बंद पडल्यास, उलट पुरावा नसेल तोंवर, वापरणारा निर्दोष मानावा.

त्या म्हाताऱ्यानें ओशाळण्याचें कारण नव्हतें. ओशाळावयाचें होतें तें खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या आम्हां शिकलेल्यांनीं!