गणेशखिंड म्हणजे विद्यापीठ नव्हे

१/ पुणे विद्यापीठ म्हटले की गणेशखिंडीतील मनोरा आठवतो. ही वास्तू मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान. २२ जून १८९७ च्या रात्री येथील समारंभाहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. सत्तेचे घर पुढे विद्येचे घर झाले, हे अभिमानास्पदच. परंतु घरालाच संस्था समजणे ही चूक आहे.

२/ १९४९ पूर्वी फर्ग्युसनचा विद्यार्थी पदवी घेई ती मुंबई विद्यापीठाची. अभ्यासक्रम मुंबईचा, परीक्षाही मुंबईची. स्वतंत्र विद्यापीठाच्या मागणीमागे हे परावलंबन होते.

३/ १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले, मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे, महाविद्यालये अवघी १८.

४/ पुढे काय झाले? १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि पुण्याकडे ५ जिल्हे उरले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले; धुळे, जळगाव गेले. उरले पुणे, नगर, नाशिक. मुंबईविषयी पुण्याची जी तक्रार होती, तीच पुण्याविषयी इतरांची झाली.

५/ ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि प्राध्यापक एकत्र असल्यानेच संशोधनाचा दर्जा टिकतो, असा प्रतिवाद होतो. तो क्षुल्लक नाही. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९१९ मध्ये लॉस एंजेलिसला काढलेली ‘दक्षिण शाखा’ आज बर्कलीच्या बरोबरीने उभी आहे. शाखेला स्वतःचे विभाग, स्वतःचे ग्रंथालय मिळाले, म्हणून ती वाढली. त्यात बर्कलीचे काय उणे झाले?

६/ नाशिक आणि नगरच्या वाट्याला मात्र ‘उपकेंद्र’ हा शब्द आला. सुरगाण्याच्या किंवा अकोले तालुक्यातील मुलीला विद्यापीठाच्या इतिहास विभागात शिकायचे, तर आजही पुणेच गाठावे लागते. खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च झेपला नाही, तर गुणवत्ता असूनही दार बंद. ही निवड गुणांची नव्हे, अंतराची आहे.

७/ २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. फुले दांपत्य १८४८ च्या भिडे वाड्यातील शाळेवर थांबले नाही. १८५१-५२ मध्ये रास्ता पेठेत, वेताळ पेठेत नव्या शाळा निघाल्या. मुलींनी एकाच वाड्यात यावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. शाळाच पेठेपेठेत गेली.

८/ ते नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाने नाशिक-नगरला इमारतींबरोबर पूर्ण विभाग, कायम प्राध्यापक आणि निर्णयाचा अधिकार द्यावा. अन्यथा १९६२ आणि १९९० नंतरचे तिसरे साल इतिहासात नोंदले जाईल, आणि तेव्हा दोष नाशिककरांना देता येणार नाही.