पोर्टल चार, शेतकरी एक. नोंद जुळणार कशी?

देसाईगंज (वडसा) : आधारभूत भावाने धान विकायचे तर काट्याच्या आधी संगणक आडवा येतो. सातबारा भूमी अभिलेख विभागाच्या सर्व्हरवर, आधारची माहिती दुसरीकडे, खाते बँकेच्या यंत्रणेत आणि खरेदीची नोंदणी आणखी वेगळ्या पोर्टलवर. ही यंत्रं एकमेकांशी बोलली तर काम मिनिटांचं. नाही बोलली तर तलाठी, सेतू केंद्र आणि बँक अशा चकरा शेतकऱ्याच्याच नशिबी.

वडसेकरांना हे रेल्वेवरून चटकन समजेल. नागपूर-नागभीड छोटी लाईन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तोवर नागपूरहून वडसा गाठायचा तर नागभीडला उतरून, गाठोडी उचलून मोठ्या लाईनची गाडी धरावी लागे. दोन्ही गाड्या धड होत्या, रुळांचं माप तेवढं वेगळं होतं.

पोर्टलचंही तसंच आहे. सातबाऱ्यावर नाव मराठीत, पासबुकावर इंग्रजीत. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं एक अक्षर. तलाठ्याला कळतं की माणूस एकच आहे. यंत्र मात्र 'नोंद जुळत नाही' म्हणून मोकळं होतं, आणि चुकारे अडकतात.

हे जुळवणं अशक्य नाही. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमध्ये बँका वेगळ्या, ॲप वेगळे, तरी पानठेल्यावर पैसे पोचतात. कारण नियम सगळ्यांना एकच.

शेतीत तोच प्रयत्न ॲग्रिस्टॅकचा आहे. आधार आणि जमिनीची नोंद एका शेतकरी ओळख क्रमांकाखाली आणायची. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. पण क्रमांक जोडतो ते नोंदीत असलेलंच. ज्याचा वारस फेरफार रखडला, किंवा ज्याच्या वनहक्क पट्ट्याची नोंद संगणकात चढलीच नाही, तो बांधीत राबत असला तरी यंत्राच्या लेखी शेतकरी नाही. गडचिरोलीसारख्या जंगलाच्या जिल्ह्यात ही बाब लहान नाही.

म्हणून दोन गोष्टी मागायला हव्यात. नोंद नाकारली तर कोणता कागद जुळला नाही आणि तो कोणत्या कार्यालयात दुरुस्त होईल, हे पोर्टलनेच सांगावं. दुरुस्ती होईपर्यंत कागद हाताने तपासून धान घ्यावं.

शेतकऱ्यांनीही हंगामाआधी आधार, सातबारा आणि पासबुकावरचं नाव ताडून पाहावं, ई-पीक पाहणी वेळेत करावी, नोंदणीची पावती जपावी. पण यंत्राला यंत्राशी जोडणं हे शासनाचं काम आहे. ते शेतकऱ्याच्या चपला झिजवून होणार नाही.