गिझर गळू लागला तर

कार्तिक सरला की रोहण्याकडे पहाटेचा गारठा वाढू लागतो. मार्च ते ऑक्टोबर आपल्या वर्धा जिल्ह्यात गिझरला कोणी विचारीत नाही. मे महिन्यात तर स्लॅबवरच्या टाकीतले पाणीच असे तापते की दुपारी हात धुणे नको होते. सात-आठ महिने बंद असलेला गिझर थंडी पडताच सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत घरातल्या बाईच्या लक्षात येते की न्हाणीची भिंत ओली झाली आहे, खाली थेंब पडत आहेत. मग शेजारी सांगतात, एम-सील लावा. मिस्त्री म्हणतो, "काकू, बूच ठोकून देतो, काही होत नाही." या "काही होत नाही"बद्दलच आज आम्हांस भगिनींशी बोलायचे आहे.

आपल्याकडे गरम पाण्याचे जुने साधन म्हणजे चुलीवरचा गंज, आणि ज्यांना परवडे त्यांच्या घरी तांब्याचा बंब. खाली पऱ्हाटी किंवा तुराट्या पेटवायच्या, वरून थंड पाणी ओतायचे, तोटीतून गरम घ्यायचे. बंब गळला तर तांबटाकडून डाख लावून आणायचा. त्यात धोका नव्हता, कारण बंबाचे तोंड उघडे असते आणि पाणी कितीही उकळले तरी वाफ वर निघून जाते. गिझर मात्र चारी बाजूंनी बंद आहे. म्हणून जे शहाणपण बंबाला लागू होते ते गिझरला लावू नये. बंबाचे भोक बुजवणे हा उपाय होता. गिझरचे एक भोक असे आहे की जे बुजवले तर घरावर संकट येते.

प्रथम करायचे ते एवढेच की गळती दिसताच विजेचा पुरवठा तोडायचा. गिझरचे बटण बंद केले एवढ्यावर थांबू नका, मेन स्विचही पाडा. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून प्लग उपसू नका. आतल्या कॉइलचे आवरण फाटलेले असेल तर पाण्यात करंट उतरतो आणि अर्थिंग नसलेल्या घरात तो अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. साधा फ्यूज इथे कामाचा नाही; माणूस मरायला पुरेल एवढा प्रवाह त्याला जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच बोर्डात बसवावा लागतो. त्याचा खर्च पाहून पुष्कळजण मागे सरतात. आमचे मत असे की गिझर घ्यायचा तर हा स्विच त्याच्याच किमतीत धरावा, नाहीतर चूल बरी. आणि तो असला तरी पाणी तापवून, बटण बंद करूनच मुलांना न्हाणीत पाठवावे. २५ लिटर पाणी २ किलोवॅटच्या कॉइलवर जेमतेम अर्ध्या-पाऊण तासात तापते, तेवढा वेळ थांबता येते.

त्यानंतर गळती नेमकी कोठून आहे ते पाहायचे. बाहेरच्या पत्र्याच्या खालून थेंब पडतो म्हणजे टाकीच फुटली असे नव्हे. नळीच्या जोडाचा वायसर गेला असेल तर तो बदलून भागते. खालच्या बाजूला कॉइल जिथे बसवलेली असते तिथले रबर कडक होऊन चिरते, तेही स्वस्तात बदलता येते. असे सुटे भाग आर्वी-पुलगावला मिळतात. मात्र झाकण उघडण्याचे काम विजेचे काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

आता त्या भोकाविषयी. थंड पाणी आत शिरते त्या नळीवर पितळेचा एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याला बारीक तोटी असते. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेले तर ते सुमारे ४०० मिलिलिटर वाढते. या व्हॉल्व्हमध्ये बहुधा पाणी मागे न जाऊ देणारी झडपही असते, मग ते जास्तीचे पाणी जाणार कोठे? त्या तोटीतूनच. तापताना तिथून थेंब पडले तर ती गळती नव्हे, ते गिझरचे श्वास घेणे आहे. गिझर थंड असतानाही पाणी ठिबकत राहिले तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकला असे समजावे आणि व्हॉल्व्ह नवा बसवावा. पण तोटीत लाकडाची खुंटी ठोकणे, एम-सील थापणे, किंवा व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या मध्ये नळ बसवून तो बंद करणे, हे कोणी कितीही सांगितले तरी करू देऊ नका.

का, ते सांगतो. तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट कधी ना कधी बिघडतो. तो चिकटून राहिला तर कॉइल तापतच राहते. बंद टाकीत दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टाकी फुटली की त्यातल्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होतो, आणि १ लिटर पाण्याची वाफ जवळजवळ १६०० लिटर जागा मागते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील स्पेन्सर गावच्या प्राथमिक शाळेत १९ जानेवारी १९८२ रोजी पाणी तापवण्याची टाकी अशीच फुटली. भिंत उडून मुले जेवत होती त्या खोलीत पडली; ६ मुले आणि १ शिक्षिका गेली. आपला गिझर त्या टाकीपेक्षा पुष्कळ लहान, पण आपली न्हाणीही लहानच असते. तोटीतून वाफ किंवा कढत पाण्याचा फवारा येऊ लागला तर मेन स्विच पाडून सर्वांनी दूर व्हावे आणि गिझर पूर्ण थंड होईपर्यंत त्याला हात लावू नये.

टाकीच गेली असेल तर? पाणी तांबूस येते, पत्र्याच्या आतला फोम भिजून फुगतो. पूर्वीच्या काही गिझरांत टाकी तांब्याची असे, तिला डाख चाले. आता बहुतेक टाक्या आतून काचेसारखा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. वेल्डिंग केले की तो मुलामा जळतो आणि महिन्या-दोन महिन्यांत शेजारी दुसरे भोक पडते. तिथे पैसे घालू नयेत. मात्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी वॉरंटीचे कार्ड काढून पाहा. टाकीची मुदत बाकी गिझरपेक्षा वेगळी व पुष्कळदा लांब असते, हे दुकानदार आपण होऊन सांगतोच असे नाही.

टाकी लवकर जाण्यामागे आपल्याकडचे पाणीही आहे. आर्वीकडची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची, त्यातल्या विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, यावरून बायकांना ते तपासणीवाचूनच कळते. सरकारी मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असे पाणी तापले की कॉइलवर खडूसारखा थर चढतो, वीज जास्त लागते आणि कॉइल फुटते. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. ती संपली की गंज टाकीला धरतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून थर काढून घ्यावा, कांडी पाहावी, झिजली असेल तर बदलावी. बहुतेक मिस्त्री कांडीचे नावही काढत नाहीत, आपणच विचारावे.

काम झाल्यावर आधी पाणी सोडावे. गरम पाण्याच्या नळातून अडखळत येणारी धार सलग येऊ लागली म्हणजे टाकी भरली. तोवर बटण दाबू नये. कोरड्या टाकीत नवी कॉइलही पाहता पाहता जळते.