चेहरा बाईचा, नाव बुवाचं

पॉप आर्टचं प्रदर्शन जगात कुठेही भरो, भिंतीवर काय असणार ते न जाताही सांगता येतं. एल्विस, बीटल्स, महानगरातल्या जाहिराती, आणि मर्लिन मन्रोचे अर्धवट उघडे ओठ. बाई भिंतीवर भरपूर दिसते. चित्राखालच्या पाटीवर मात्र तिला शोधावं लागतं.

बीटल्सच्या १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर' या रेकॉर्डचं कव्हर घ्या. मागे माणसांची गर्दी, पुढे रंगीत लष्करी गणवेशातले चौघे. हे कव्हर कुणी केलं? उत्तर येतं, पीटर ब्लेकने. खरं उत्तर आहे, पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ यांनी. ती तेव्हा त्याची बायको होती. कव्हरसाठीचा १९६८ चा ग्रॅमी पुरस्कार दोघांच्या नावावर आहे. म्हणजे कागदही आहे, तरी नाव गळतं ते गळतंच. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव अनेकदा लागतच नाही. इथे तर लागलेलं नाव पुसलं गेलं!

"बायकोने हातभार लावला असेल." शेतात, दुकानात, घरगुती धंद्यात आपण हे ऐकत आलोय. काय होता हा हातभार? जॅन १९४२ ची, हॉलिवूडमध्ये जन्मलेली. वडील चित्रपटांचे कलादिग्दर्शक, त्यामुळे नेपथ्य कसं उभं राहतं हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. आणि हे कव्हर म्हणजे एक नेपथ्यच आहे. माणसाएवढे मोठे फोटो कापून, उभे करून स्टुडिओत देखावा रचला होता. त्या कृष्णधवल फोटोंत हाताने रंग तिने भरले. कडेला बसलेली कापडी म्हातारी आणि तिच्या मांडीवरची शर्ली टेम्पलची बाहुली तिने शिवल्या.

शिवल्या, हे महत्त्वाचं. लंडनच्या कलाशाळेत असताना तिला एका शिक्षकाने ऐकवलं होतं, की मुलींचं काम बघायची गरज नसते, फोटो बघितला की पुरे. मुली इथे असतात त्या मुलांना खूश ठेवायला. ही आठवण तिने स्वतः सांगितलेली आहे. त्यावर तिने काय केलं? जे वर्गातल्या एकाही मुलाला येत नव्हतं ते उचललं: सुई, दोरा, कापड. कापडाची शिल्पं! गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी शिल्पकार म्हटलं नाही, तेव्हा या बाईला का म्हणावं, असाच हिशोब झाला असणार.

बरं, कव्हरवरच्या गर्दीत कोण आहे? जॅननेच नंतर मोजून सांगितलं, की त्यात बायका जेमतेम बारा आणि त्यातल्या निम्म्या तर कल्पित. जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने चार भारतीय योगी आले. गांधीजींचा फोटोही होता, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने रेकॉर्ड कंपनीने तो काढायला लावला. आणि भारतीय बाई? आहे ना. खाली, फुलांजवळ, चार हातांची लक्ष्मी. बाहुली. म्हणजे साता समुद्रापलीकडेही आपल्याला देव्हाऱ्यात जागा आहे, पंगतीत नाही.

पॉलिन बोटीची कथा याहून कडू. लंडनच्या पॉप चित्रकारांतली ही तोलामोलाची चित्रकार. तिनेही मर्लिन रंगवली, १९६३ साली. १९६६ मध्ये २८ व्या वर्षी कर्करोगाने गेली, आणि तिची चित्रं भावाच्या शेतावरच्या कोठारात धूळ खात पडली. ती बाहेर यायला १९९० चं दशक उजाडलं. याउलट वॉरहॉलने सिनेमाच्या जाहिरातीतला फोटो घेऊन रंगवलेली एक मर्लिन २०२२ साली १९ कोटी ५० लाख डॉलरला विकली गेली. चेहऱ्याला एवढा भाव, आणि हाताला कोठार.

"कलेत नावाचं काय घेऊन बसलात?" असं म्हणणारे भेटतात. मग पाटीवरून त्याचंही नाव काढा की! ते कुणी काढत नाही.

जॅन रडत बसली नाही. २००४ मध्ये तिने अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत भर शहरातल्या भिंतीवर तेच कव्हर नव्या माणसांसह, अनेक कलाकारांना सोबत घेऊन पुन्हा रंगवायला घेतलं. पुढे मुलगी लिबर्टी ब्लेक हिच्याबरोबर फक्त स्त्रियांची भित्तिचित्रं केली. त्यांतलं १३० स्त्रियांचं चित्र २०२३ साली लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागलं. पन्नासहून जास्त वर्षं लागली याला.

मैत्रिणींनो, असं प्रदर्शन आपल्या शहरात आलं तर जरूर जा. चित्र पाहून झालं की पाटी वाचा, आणि नाव गाळलेलं दिसलं तर अभिप्रायाच्या वहीत तसं लिहून या. आणि आपल्या संघटनांच्या कपाटात मोर्च्यांची जुनी पोस्टरं गुंडाळून पडली असतील. ती कुणी काढली, अक्षरं कुणी रंगवली, हे सांगणाऱ्या बायका अजून आपल्यात आहेत, तोवर प्रत्येकीचं नाव मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.