मातृभाषा ठरवते कोण?

आई ज्या भाषेत मुलाला जोजवते आणि त्याच्यावर रागावते, ती त्याची मातृभाषा. एवढी साधी व्याख्या आपण जाणतो. सिंगापूरच्या सरकारी शाळांत मात्र मातृभाषा आईला विचारून ठरत नाही. ती मुख्यतः वंशाच्या नोंदीवरून ठरते. चिनी असेल तर मँडरिन, मलाय असेल तर मलाय, भारतीय असेल तर तमिळ. सगळे भारतीय तमिळ नसतात हे ध्यानात आल्यावर 1990च्या सुमारास हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती आणि पंजाबी या आणखी पाच भाषांना मुभा मिळाली. मराठी त्यांत नाही.

नोकरीनिमित्त तिकडे गेलेले मराठी पालक मूल स्थानिक शाळेत घालतात, तेव्हा साधारणपणे हिंदी निवडतात. उशिरा दाखल झालेल्या परदेशी मुलांना काही वेळा सूट मिळते. पहिलीपासून शिकणाऱ्याची सहसा सुटका नाही. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेत इंग्रजी, गणित, विज्ञान आणि 'मातृभाषा' असे चार विषय असतात आणि चौघांचे वजन सारखे. म्हणजे जी भाषा घरात कुणी बोलत नाही, तिच्यावर मुलाचा चौथा हिस्सा निकाल अवलंबून!

आता रत्नागिरीकडचे एखादे मुस्लिम कुटुंब घ्या. घरात कोकणी वळणाची मराठी. यादी समोर आली की शेजारपाजारचे सांगणार, "तुम्ही मुसलमान, तुम्ही उर्दू घ्या." उर्दूशी आमचे वैर नाही. ती समृद्ध भाषा आहे, हौसेने शिकावी. पण ती आमच्या आईची भाषा आहे, हे परस्पर कोण ठरवतो? हा शिक्का आम्हाला नवा नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, हमीद दलवाईंनी 'इंधन' मराठीत लिहिली. तरीही इथला शेजारी आम्हाला विचारतोच, "तुम्ही मराठी इतकी छान कशी बोलता?" तिकडे वंशावरून भाषा ठरते, इकडे धर्मावरून. चूक एकच आहे.

कुणी म्हणेल, लहान देशाने किती भाषांच्या परीक्षा घ्यायच्या? प्रश्न रास्त आहे. पण मग त्या विषयाला 'दुसरी भाषा' म्हणा, 'मातृभाषा' म्हणू नका. हॉक्किएन, तिओच्यू, कँटोनीज बोलणाऱ्या घरांनाही मँडरिन हीच मातृभाषा म्हणून मिळाली आणि 1979पासून तर 'मँडरिन बोला' अशी मोहीमच चालली. आजी आणि नातू यांच्यातला संवाद त्या घरांतून आटत गेला. ही किंमत नावाच्या लबाडीखाली झाकता येत नाही.

आणि संख्येचाच हिशेब करायचा तर 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून अधिक होते. गुजराती साडेपाच कोटी, पंजाबी सव्वातीन कोटींच्या आसपास. मग त्या भाषा यादीत कशा? त्या समाजांनी आग्रह धरला, संस्था काढल्या, शनिवारचे वर्ग चालवले, शिक्षक उभे केले म्हणून. सरकारने ताटात वाढून दिले नाही.

इथे आपल्याला आरशात पाहावे लागेल. 2025 साली पहिलीपासून हिंदी नको म्हणून महाराष्ट्र पेटून उठला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच मराठी माणसाचे मूल परदेशात हिंदीचा पेपर 'मातृभाषा' म्हणून लिहिते, तेव्हा अस्मिता कुठे जाते? 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. परीक्षेच्या यादीत जागा नसलेल्या भाषेचा अभिजातपणा त्या मुलाच्या काय कामाचा?

म्हणून मागणी दुहेरी आहे. परदेशातल्या मराठी मंडळांनी गणपती आणि नाटकांइतक्याच जिद्दीने वर्ग आणि परीक्षा यांसाठी झगडावे. महाराष्ट्र शासनाने त्यांना पाठ्यपुस्तके आणि शिक्षक द्यावेत. आणि त्या वर्गात रत्नागिरीचा सलीम आला तर "तू इकडे कसा?" असे त्याला कुणी विचारू नये.