दक्षिणेचे बुजुर्ग

१९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या सोर्स पुरस्कार सोहळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीचं नाव पुकारलं गेलं आणि सभागृहात हुर्यो उठली. त्या गोंगाटातच जोडीतल्या आंद्रे ३००० याने ठणकावलं की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. हा प्रसंग रॅपच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. मला मात्र दक्षिणेतल्याच ह्यूस्टनची कहाणी अधिक मोलाची वाटते. तिथे डीजे स्क्रू गाण्यांची गती संथ करून घरीच कॅसेटी भरायचा आणि त्या घ्यायला लोक त्याच्या दाराशी रांगा लावायचे. बड्या कंपनीचा आधार नसताना, गाड्यांमधल्या स्पीकरवरून हे जड, झिंगलेलं संगीत शहरभर पसरलं. २००० साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी तो गेला. त्याच्या संग्रहातल्या तबकड्या आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपल्या आहेत. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्याच्या कॅसेटी जिवापाड जपल्या त्या चाहत्यांनीच. पोर्ट आर्थरची यूजीके ही रॅप जोडीही याच दक्षिणेची; तिच्यातला पिंप सी २००७ मध्ये वारला. त्याचा जोडीदार बन बी पुढे राइस विद्यापीठात धर्म आणि हिप-हॉप हा विषय शिकवू लागला. ज्यांना ‘खेडवळ’ म्हणून हिणवलं, त्यांच्याच उच्चारांची आणि ठेक्यांची छाप आजच्या अमेरिकी रॅपवर आहे. हे ऋण चाहते मानतात, आणि ते योग्यच आहे. यूजीकेचा १९९६ चा ‘रायडिन डर्टी’ हा अल्बम सलग, शेवटपर्यंत ऐकाच.